हललेला दात, मुळाशी पू: वाचवायचा कसा, काढायचा कधी

मार लागून हललेला दात पहिल्या काही दिवसांनंतर फारसा छळत नाही, आणि घोळ तिथेच होतो. दुचाकी घसरते, ओठाला टाके पडतात, पुढचा दात हलतो म्हणून जेवण बाजूच्या दातांनी सुरू होतं. पंधरा दिवसांत ओठ भरून येतो, दातही थोडा घट्ट झाल्यासारखा वाटतो. मग दीड-दोन महिन्यांनी, कधी वर्षाने, दात काळपट दिसू लागतो, त्याच्यावरच्या हिरडीवर पुटकुळी येते, दात पुन्हा हलतो आणि एके दिवशी सकाळी वरचा ओठ नाकापर्यंत सुजलेला असतो. तोवर घरात निकाल लागलेला असतो: हलतोय, पू झालाय, काढून टाका.

हा निकाल काही वेळा बरोबर असतो. अनेकदा तो घाईचा असतो. या प्रश्नात दोन निर्णय एकमेकांत गुंतलेले आहेत आणि दोन्हींची गती वेगळी आहे. आत साठलेला पू आणि मेलेली नस साफ करणं, हे काम शक्यतो त्याच दिवशी व्हायला हवं. दात ठेवायचा की काढायचा, हा निर्णय मात्र बहुतेक वेळा काही आठवडे थांबू शकतो, आणि थांबल्यावरच तो नीट घेता येतो. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. पू गोळ्यांच्या जोरावर महिनोन्महिने दाबून ठेवला जातो आणि दात एका भेटीत उपटला जातो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात दाताला मार लागण्याची कारणं रोज समोर असतात. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खाणींतून कोळसा घेऊन निघणारे ट्रक आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या दुचाकी, शेतात बैलाने झटकलेली मान, शाळेच्या पटांगणावर कबड्डीत लागलेलं कोपर. दातांचे डॉक्टर गावात आहेत. मोठ्या दंत रुग्णालयांसाठी मात्र नागपूर किंवा वर्ध्याजवळचं सावंगी गाठावं लागतं. म्हणून कुठला दात गावातच सांभाळता येतो, कुठल्यासाठी बस धरायची आणि कुठल्यासाठी रात्रीच गाडी काढायची, हे इथल्या माणसाला माहीत असणं गरजेचं आहे.

हलतो म्हणजे नेमकं काय झालं

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा जिवंत तंतूंचा थर असतो आणि दात त्या तंतूंनी हाडाला बांधलेला असतो. शिवाय मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दाताच्या आत जातात. त्या आतल्या मऊ भागाला आपण नस म्हणतो. मार लागल्यावर यांपैकी काय तुटलं, काय ताणलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

सर्वांत सौम्य प्रकारात दात जागेवरच असतो, थोडा हलतो, हिरडीच्या कडेने थोडं रक्त येतं. यात नस बहुधा वाचते. दुसऱ्या प्रकारात दात खोबणीतून थोडा खाली ओघळतो आणि लांब दिसतो. तिसऱ्यात तो आत किंवा बाहेर ढकलला जातो, आणि बहुधा त्याच्या मागचं-पुढचं हाडही तडकतं. असा दात कधी कधी अजिबात हलत नाही, कारण तो नव्या जागी अडकलेला असतो. चौथा प्रकार सर्वांत वाईट: दात वर हाडात रुतून बसतो. मूळ पूर्ण वाढलेल्या दातात या प्रकारात नस जवळजवळ नेहमी मरते. पाचव्यात दात पूर्ण निखळून हातात येतो. यांखेरीज मूळ आतल्या आत आडवं मोडू शकतं, आणि ते एक्स-रेशिवाय कळत नाही.

दोन खुणा मात्र घरीही ओळखता येतात. एकाला हात लावला की शेजारचे दोन-तीन दात एकत्र हलत असतील, तर दातांभोवतीचं हाड मोडलेलं असतं. आणि वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळत नसतील किंवा खालचा ओठ बधिर झाला असेल, तर जबडाच मोडल्याची शंका घ्यावी. अशा वेळी मुख-जबडा शल्यचिकित्सक लागतो. अपघातानंतर बेशुद्धी, उलट्या, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही असेल तर दात मागे ठेवून आधी डोक्याची तपासणी करावी.

पहिला तास, पहिला दिवस

हललेला दात जागेवर बसवून जपावा, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, मोडलेल्या हाडांच्या अध्यायात, तरुण माणसाचे न तुटलेले पण हललेले आणि रक्ताळलेले दात दाबून बसवावेत, बाहेरून थंड लेप द्यावा आणि कमळाच्या देठातून दूध पाजावं असं सांगितलं आहे. वृद्धाचे हललेले दात मात्र सोडून द्यावेत असं तिथेच म्हटलं आहे. जागेवर बसवणं, थंडावा, चावायला न लावणारा आहार आणि वयानुसार वेगळा निर्णय, हे चारही मुद्दे आजच्या उपचारात जसेच्या तसे आहेत.

आज जगभर ज्यांचा आधार घेतला जातो, त्या आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या मार्गदर्शक सूचना २०२० साली सुधारून प्रसिद्ध झाल्या. त्यांनुसार सरकलेला दात सुन्न करून जागेवर आणतात आणि शेजारच्या दातांना बारीक, लवचिक तारेने बांधतात. तार ०.४ मिलिमीटरपेक्षा जाड नसावी, कारण दाताला किंचित हालचाल मिळाली तरच तंतू नीट जुळतात. थोडा हलणारा दात दुखत असेल, तर तार दोन आठवडे ठेवतात. खाली ओघळलेल्याला दोन आठवडे, तिरपा सरकलेल्याला चार, हाड मोडलं असेल तर चार. मूळ हिरडीजवळ मोडलं असेल तर चार महिन्यांपर्यंत. जाड तारेने महिनोन्महिने घट्ट जखडून ठेवणं ही जुनी पद्धत होती. तिच्यामुळे दात हाडाला चिकटण्याचा धोका वाढतो.

पूर्ण निखळलेल्या दातासाठी घड्याळच निर्णय घेतं. डेन्मार्कच्या येन्स ओव्ह आंद्रेआसेन यांनी आपलं आयुष्य दातांच्या इजांच्या अभ्यासाला दिलं. १९६६ साली त्यांनी सहकाऱ्यासोबत पुन्हा बसवलेल्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी ९० टक्क्यांत मूळ झिजल्याची खूण नव्हती. दोन तासांहून उशिरा बसवलेल्यांपैकी ९५ टक्क्यांत मूळ झिजलेलं होतं. म्हणून कायमचा दात निखळला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये, घासू नये. मळला असेल तर दुधाने किंवा सलाईनने अलगद धुवावा, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या खोबणीत लगेच बसवावा आणि स्वच्छ रुमाल चावायला द्यावा. ते जमलं नाही तर दात दुधात ठेवून दवाखाना गाठावा. कोरड्या कागदात गुंडाळलेला दात तासाभरात बहुतेक हरलेला असतो. साध्या पाण्यातही तंतूंच्या पेशी टिकत नाहीत. दुधाचे दात मात्र कधीही पुन्हा बसवत नाहीत, कारण खाली वाढत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते.

रस्त्याची माती जखमेत गेली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नये. पहिले दोन दिवस बाहेरून थंड शेक, आठवडाभर मऊ अन्न, मऊ ब्रशने दात घासणं आणि क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या. ‘हलतो म्हणून घासत नाही’ ही सवय हिरडीच्या कडेने जंतूंना वाट करून देते.

पू कुठून येतो

आतली नस मारामुळे तुटली की तिचा रक्तपुरवठा थांबतो. मेलेली नस लगेच दुखत नाही. दातावरच्या बारीक तड्यांतून किंवा हिरडीच्या जखमेतून जंतू आत पोहोचतात आणि त्या मेलेल्या गरात वाढतात. तिथे रक्त पोहोचत नाही, म्हणून शरीराच्या संरक्षक पेशीही पोहोचत नाहीत. मग जंतूंची विषं मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे गळू तयार होतं. पू हाडातून वाट काढत हिरडीवर पुटकुळीच्या रूपाने बाहेर आला की दुखणं एकदम थांबतं. अनेकांना वाटतं दात बरा झाला. प्रत्यक्षात त्याने फक्त वाट शोधलेली असते.

याहून घातक गोष्ट बाहेरून दिसतच नाही. मारामुळे मुळाच्या पृष्ठभागावर जखम असेल आणि आत जंतू असतील, तर शरीराच्याच पेशी मूळ खायला लागतात. या झिजेला वेग येऊ शकतो. लहान मुलांत काही आठवड्यांत मुळात खड्डे पडतात. आत साफ केलं की ही झीज बहुधा थांबते. म्हणून मार लागलेल्या दाताचे एक्स-रे दुखत नसतानाही ठरलेल्या वेळी काढायचे असतात: दोन, चार, आठ आणि बारा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे गंभीर इजांमध्ये पाच वर्षांपर्यंत दरवर्षी.

उलट बाजूचीही काळजी हवी. मारानंतर नस जिवंत असूनही गारव्याच्या चाचणीला कधी कधी तीन महिन्यांपर्यंत प्रतिसाद देत नाही. म्हणून ‘दाताला काही जाणवत नाही’ एवढ्यावरून कुणी पहिल्याच आठवड्यात रूट कॅनल सुरू करत असेल, तर कारण विचारावं. रंग बदलणं, मुळाच्या टोकाशी एक्स-रेत काळसर डाग, हिरडीवर पुटकुळी, ठोकल्यावर दुखणं, यांपैकी दोन खुणा मिळाल्या की नस मेल्याचं मानतात. जिथे नस मरणार हे जवळजवळ नक्की असतं, उदाहरणार्थ पूर्ण वाढलेला दात रुतला असेल किंवा निखळून परत बसवला असेल, तिथे वाट न पाहता दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनल सुरू करतात.

आधी पू

संसर्ग झालेला दात समोर आला की पहिलं काम एकच: पुवाला वाट देणं. पुढच्या दातात डॉक्टर मागच्या बाजूने छोटं छिद्र पाडून नसेची पोकळी उघडतात. गळू हिरडीत उतरलं असेल तर तिथे छोटी चीर देतात. यानंतर जो आराम मिळतो तो कुठल्याही गोळीने मिळत नाही.

गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. प्रतिजैविक रक्तातून जातं आणि मेलेल्या नसेत रक्तच नसतं. म्हणून अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोलचा पाच दिवसांचा डोस सूज उतरवतो, मूळ कारण तसंच ठेवतो. महिन्याभराने तोच खेळ पुन्हा सुरू होतो. अमेरिकन दंत संघटनेने २०१९ मध्ये दिलेला सल्ला असा की प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या प्रौढाच्या दाताच्या बहुतेक दुखण्यांत, दातावरचा उपचार उपलब्ध असेल तर, प्रतिजैविक देऊ नये. ते लागतं ते ताप आल्यावर, सूज पसरल्यावर, मधुमेह हाताबाहेर असल्यावर किंवा निखळलेला दात परत बसवल्यावर. दुखण्यासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन घ्यावं. आयबुप्रोफेन पित्ताचा, मूत्रपिंडाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी टाळावं. दुखऱ्या दाताशेजारी अॅस्पिरिनची गोळी ठेवण्याने हिरडी भाजते. तंबाखू किंवा गुडाखू दाबून ठेवण्याने जखम चिघळते आणि व्यसन जडतं.

काही खुणा दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. वरच्या दाताची सूज डोळ्याखाली चढून डोळा बंद होऊ लागणं. खालच्या दाताची सूज हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरून जीभ वर उचलली जाणं. गिळता न येणं, लाळ गळणं, आवाज घोगरा होणं, तोंड न उघडणं, थंडी वाजून ताप. जिभेखालच्या या सुजेचं वर्णन जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये केलं, आणि तिच्यात श्वासनलिका बंद पडून आजही माणसं दगावतात. अशा वेळी दाताचा दवाखाना शोधत न बसता भरती करणारं रुग्णालय गाठावं. चंद्रपूर आणि यवतमाळ दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. वरून गरम शेक देऊ नये.

वाचवण्याचे मार्ग

पू निघाल्यावर एक महत्त्वाची गोष्ट घडते: दात घट्ट होऊ लागतो. गळू असताना मुळाभोवतीच्या तंतूंत सूज आणि दाब असतो, त्यामुळे दात प्रत्यक्षापेक्षा जास्त हलतो. म्हणून पू असताना मोजलेल्या हालचालीवर दाताचं भवितव्य ठरवू नये. आत साफ करून दोन-तीन आठवडे द्यावेत, गरज असेल तर तोवर लवचिक तार बांधावी आणि मग पुन्हा मोजावं.

रूट कॅनल हा यातला मुख्य उपचार. मुळाची पोकळी बारीक सळ्यांनी आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावाने धुतात, आणि मारामुळे पू झालेल्या दातात बहुधा लगेच कायमचं भरत नाहीत. मध्ये काही आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट ठेवतात. हे रसायन वणीकरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. जवळच्या राजूरच्या भट्ट्यांत भाजून निघालेल्या कळीच्या चुन्यात पाणी घातलं की जे तयार होतं, तेच शुद्ध रूपात १९२० साली जर्मनीतल्या हरमान यांनी दाताच्या उपचारात आणलं. त्याच्या तीव्र क्षारतेत जंतू टिकत नाहीत आणि मुळाची झीज थांबायला मदत होते. पण पानाच्या डबीतला चुना घरच्या घरी दुखऱ्या दाताला लावला तर हिरडी आणि गाल भाजतात. औषध म्हणून त्याची जागा बंद केलेल्या मुळाच्या आत आहे, हिरडीवर नाही.

पेस्ट काढून पोकळी गटापर्चा या रबरासारख्या द्रव्याने भरली की उपचाराचा एक टप्पा संपतो. हिरडीवरची पुटकुळी काही आठवड्यांत मिटते आणि उपचार लागू पडल्याची ती पहिली खूण. हाड भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. पुढच्या दाताला दरवेळी कॅप लागतेच असं नाही; दात फारसा मोडला नसेल तर मागचं छिद्र पक्कं भरून भागतं, आणि काळपट रंग आतून औषध ठेवून उजळता येतो. यामुळे खर्च बराच कमी होतो, म्हणून हा पर्याय विचारून घ्यावा.

मूळ आडवं मोडलेलं असेल तर सगळा दात वाया गेला असं समजू नये. मोडलेल्या मुळाचं टोकाकडचं अर्धं बहुधा जिवंत राहतं. नस मेली तरी उपचार तुटीपर्यंतच्या वरच्या तुकड्यावर करतात. रूट कॅनल करूनही टोकाशी गळू राहिलं, तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापण्याची छोटी शस्त्रक्रिया असते. हे काम दंत महाविद्यालयांत होतं.

मुलांचा दात वेगळा

वरचे पुढचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि त्यांचं मूळ पूर्ण व्हायला आणखी साधारण तीन वर्षं लागतात. त्या काळात मुळाचं टोक रुंद उघडं असतं. ही मोठी संधी असते, कारण तुटलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा आत वाढू शकतात. म्हणून मुलांच्या हललेल्या दातात वाट पाहणं हाच अनेकदा पहिला उपचार असतो, पण ही वाट एक्स-रे काढत पाहायची असते.

तरीही नस मेली आणि पू झाला, तर उघड्या टोकाच्या मुळात गटापर्चा टिकत नाही. पूर्वी कॅल्शियम हायड्रॉक्साइड महिनोन्महिने बदलत ठेवून टोक बंद होण्याची वाट पाहत असत. दीर्घकाळ ते ठेवल्याने मूळ ठिसूळ होतं हे नंतर कळलं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए हे द्रव्य दातात आणलं. त्याचा पाया बांधकामातलं पोर्टलंड सिमेंट आहे, आणि त्याने मुळाचं टोक एक-दोन भेटींत बंद होतं. गेल्या दोन दशकांत आणखी एक मार्ग पुढे आला: मूळ जंतुमुक्त करून टोकाशी मुद्दाम थोडं रक्त आणायचं, म्हणजे आत नव्या पेशी वाढतात आणि मूळ थोडं जाड-लांब होऊ शकतं. बाल-दंततज्ज्ञ किंवा रूट कॅनल तज्ज्ञाकडे हे करून मिळतं.

मुलांचा दात हाडाला चिकटला, तर जबडा वाढतो आणि तो दात मागे राहतो, दिवसेंदिवस आखूड दिसतो. तेव्हा वरचा भाग कापून मूळ हाडातच ठेवतात, म्हणजे हाडाची रुंदी टिकते. दुधाच्या दाताला पू झाला असेल तर तो बहुधा काढतात. नुसता काळा पडला असेल, दुखत नसेल आणि पुटकुळी नसेल, तर लक्ष ठेवणं पुरतं.

काढणंच शहाणपणाचं कधी

मूळ उभं चिरलं असेल, झिजेने बहुतेक मूळ संपलं असेल, टोकापर्यंत हाड गेलं असेल, किंवा साफ केल्यावरही दात उभ्या दिशेने वर-खाली दबत असेल, तर तो ठेवण्याने शेजारच्या दातांचंही हाड जातं. गंभीर आजार असलेल्या रुग्णात पसरणारा संसर्ग असेल आणि पुढच्या भेटी शक्यच नसतील, तरीही काढणं योग्य ठरतं.

मात्र काढल्यावर पुढे काय, हे काढण्याआधी ठरवावं. दात गेल्यावर तिथलं हाड पहिल्याच वर्षात सर्वांत जास्त आक्रसतं. तात्पुरती काढ-घाल करायची प्लेट सर्वांत स्वस्त आणि लगेच मिळणारी. शेजारच्या एकाच दाताच्या मागे चिकटवलेला पंखाचा ब्रिज दात फारसा न घासता होतो आणि तरुणांसाठी चांगला असतो. नेहमीच्या ब्रिजसाठी दोन चांगले दात घासावे लागतात, ही त्याची खरी किंमत. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे ब्रेनमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णात तो बसवला. त्याला भरपूर खर्च, चांगलं हाड आणि काही महिने लागतात, आणि जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत तो बसवू नये. शाळकरी मुलांसाठी नॉर्वे-डेन्मार्कमध्ये विकसित झालेला मार्ग वेगळा आहे: दाटीमुळे काढावी लागणारी छोटी दाढ पुढच्या रिकाम्या जागी लावतात. ती जिवंत राहते आणि जबड्याबरोबर वाढते.

इथल्या तोंडांचे तीन प्रश्न

पहिला खर्ऱ्याचा. विदर्भात मोठ्या प्रमाणावर खाल्ल्या जाणाऱ्या या तंबाखू, सुपारी आणि चुन्याच्या मिश्रणाने गालाचं आतलं आवरण ताठ होतं आणि तोंड उघडेनासं होतं. उभी तीन बोटं तोंडात जात नसतील तर रूट कॅनल करणंही कठीण होतं. शिवाय खर्रा हिरड्या खचवतो आणि इम्प्लांट टिकण्याची शक्यता कमी करतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, हलणाऱ्या दाताशेजारी न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर ‘पडलो होतो तेव्हापासून हलतोय’ यावर विश्वास ठेवून दात काढू नये. ती कर्करोगाची जखम असू शकते. आधी तुकडा तपासून घ्यावा. पुढच्या उपचारासाठी नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे.

दुसरा हिरड्यांच्या जुन्या रोगाचा. चाळिशीनंतर अनेकांचं हाड आधीच खाली गेलेलं असतं आणि अपघात फक्त निमित्त ठरतो. तेव्हा हिरडीची स्वच्छता, खोल सफाई आणि शेजारच्या दातांना फायबरने बांधणं हे मुळाच्या उपचाराइतकंच गरजेचं असतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय हिरडी साथ देत नाही.

तिसरा पाण्यातल्या फ्लोराइडचा. यवतमाळ जिल्ह्याच्या या भागातल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि पिवळसर, डागाळलेले दात हा त्याचा परिणाम आहे. अशा दातांचं बाहेरचं कवच आम्लाला दाद देत नाही, म्हणून तार चिकटवताना ते नेहमीपेक्षा जास्त वेळ खरखरीत करावं लागतं. नाहीतर तार दोन दिवसांत सुटते आणि दोष दाताला मिळतो.

जावं कुठे, मागावं काय

तार बांधणं, पू काढणं, साधं रूट कॅनल, ही कामं वणीत होतात. कुठल्याही दवाखान्यात डॉक्टर नोंदणीकृत दंतवैद्य आहेत का, हे पाहण्याचा रुग्णाला हक्क आहे. मूळ मोडलं असेल, मुलाचा उघड्या टोकाचा दात असेल किंवा शस्त्रक्रिया लागणार असेल, तर १९६८ साली सुरू झालेलं नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी (मेघे) इथलं शरद पवार दंत महाविद्यालय गाठावं. तिथे सगळे तज्ज्ञ एका छताखाली मिळतात. जाताना अपघाताची तारीख, आधीचे एक्स-रे आणि घेतलेल्या गोळ्यांची नावं सोबत ठेवावीत. शासकीय योजनेत नेमका कुठला उपचार बसतो, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न मोजके आहेत. इजा कुठल्या प्रकारची आहे? मुळाला तडा किंवा झीज दिसते का? पू आज निघेल का? दात ठेवला तर पुढच्या तपासण्या कधी? काढला तर त्या जागी काय बसवणार, आणि हाड कसं टिकवणार? या प्रश्नांना उत्तर मिळत नसेल तर दात काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

आणि काही गोष्टी गावाने मागायला हव्यात. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात दाताची लवचिक तार आणि चिकटवण्याचं साहित्य असावं. ओठाला टाके घालणाऱ्या डॉक्टरांनीच दाताच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून द्यावी. प्रत्येक शाळेच्या शारीरिक शिक्षकाला निखळलेला दात दुधात ठेवायचा हे माहीत असावं, आणि कबड्डी खेळणाऱ्या पोरांना दातांचं कवच मिळावं. वरचे दात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आलेल्या मुलांना इजेचा धोका साधारण दुप्पट असतो. त्यांना दात सरळ करायची तार वेळेत लागली, तर पुढचं पुष्कळ टळतं. दुचाकीवर पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घातलं, तर त्याहून जास्त.

यातली एकही मागणी महागडी नाही. दंत महाविद्यालय वणीत येईल तेव्हा येईल. पण मार लागल्याच्या दिवशी बांधलेली तार, पू दिसल्याच्या दिवशी उघडलेली नस आणि दुखत नसतानाही ठरल्या तारखेला काढलेला एक्स-रे, एवढ्यावरच आज उपटले जाणारे कितीतरी दात जागेवर राहतील.